पादोव्हातली पिशवी, पावियातलं हाड

पादोव्हा विद्यापीठाच्या जुन्या वास्तूला तिथे सगळे ‘बो’ म्हणतात. आतल्या चौकाच्या भिंती, कमानी, छत, जिथे नजर जाईल तिथे रंगीत मानचिन्हं लावलेली. इथे शिकून गेलेल्यांच्या घराण्यांची ती चिन्हं. आत हिंडायचं ते वाटाड्याबरोबरच. एका दालनात गॅलिलिओचं लाकडी व्यासपीठ आहे. १५९२ ते १६१० तो इथे शिकवत होता. आमच्या गटातली बहुतेक मंडळी त्या व्यासपीठापाशी रेंगाळली. मी मात्र त्याच्या एका सहकाऱ्यासाठी आलो होतो, जिरोलामो फाब्रिचीसाठी. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याचं लॅटिन नाव आहे: फॅब्रिशियस.

त्याचं शवविच्छेदनगृह याच वास्तूत आहे. ते १५९५ साली बांधून झालं आणि १८७२ पर्यंत वापरात होतं. विहिरीच्या तळाशी उभं राहून वर बघावं, तसं ते खालून दिसतं. मधोमध विच्छेदनाच्या टेबलापुरती जागा, भोवती एकावर एक चढत गेलेले सहा लंबगोल सज्जे, अक्रोडाच्या लाकडाचे कठडे. बसायला जागा नाही. विद्यार्थी कठड्याला रेलून, एकमेकांना खेटून, खाली वाकून बघत. त्यांत विल्यम हार्वी नावाचा इंग्रज मुलगाही होता. १६०२ साली तो इथून पदवी घेऊन गेला आणि पुढे रक्ताभिसरण त्यानेच सिद्ध केलं. फाब्रिचीने दाखवलेल्या शिरांमधल्या झडपा त्याच्या डोक्यात घोळत राहिल्या होत्या, असं मानतात.

टेबलावर येणारी शवं बहुतेक मोठ्या माणसांची, त्यात फाशी गेलेले गुन्हेगार पुष्कळ. ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली. रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी जिथे घडतात ते अवयव लहान वयात भरात असतात आणि मोठेपणी आक्रसतात. प्रौढांची शवं फाडणाऱ्या माणसांना त्यांचं मोल कसं कळावं?

मी पशुवैद्य. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून बाहेर पडलो आणि उमेदीची सगळी वर्षं पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या पोल्ट्र्यांवर गेली. पहाटे फोन येणार, शेडमध्ये मरतूक सुरू झाली म्हणून. मोटारसायकल काढायची, पोहोचल्यावर चार-पाच मेलेले पक्षी निवडायचे, पोतं अंथरून बसायचं आणि उघडून बघायचं. आतडी बाजूला सारली की अगदी शेवटी, गुदद्वाराच्या वर, पाठीकडच्या बाजूला एक छोटी पिशवी चिकटलेली असते. निरोगी पिल्लात ती पांढुरकी आणि आत घड्या पडलेली. गंबोरो हा रोग झालेल्या पिल्लात ती सुजलेली, वर पिवळसर चिकट आवरण, कापली तर आत रक्ताचे ठिपके. काही दिवसांनी तीच सुकून लहान होते. या पिशवीला आम्ही बर्सा म्हणतो. पूर्ण नाव बर्सा ऑफ फॅब्रिशियस. इतकी वर्षं ज्याच्या नावाची पिशवी चिमट्यात धरली, त्याचं गाव एकदा बघावं असं मनात होतं.

फाब्रिची १६१९ साली गेला. कोंबडीचं अंडं आणि त्यातलं पिल्लू कसं घडतं यावरचा त्याचा ग्रंथ १६२१ साली इथेच, पादोव्हात छापला गेला, आणि या पिशवीचं वर्णन त्यात आलं. कोंबड्याचं वीर्य साठवायची ही जागा असावी, असा त्याचा तर्क होता. हार्वीला तो पटला नाही. पण मग ती कशासाठी, याचं उत्तर हार्वीकडेही नव्हतं आणि पुढची तीन शतकं ते कोणाकडेच नव्हतं.

उत्तर निघालं अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या कुक्कुटपालन विभागात. ब्रूस ग्लिक हा तिथला तरुण संशोधक. हा अवयव काय करतो असं त्याने विचारलं, तर प्राध्यापकांनी ‘तूच शोधून काढ’ असं सांगितलं. त्याने कोवळ्या पिल्लांच्या बर्सा काढून पाहिल्या. पक्षी वाढले, हिंडले, फिरले, काहीच बिघडलं नाही. पुढे टिमोथी चँग या त्याच्या सहाध्यायाला वर्गात एक प्रयोग दाखवायचा होता: साल्मोनेला जंतूंचा अंश टोचला की कोंबडीच्या रक्तात प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी, कशी तयार होतात. पक्षी कमी पडले म्हणून त्याने ग्लिकचे घेतले. प्रयोग बसेना. काही पक्षी मेले आणि जगलेल्यांतल्या कित्येकांत अँटिबॉडी सापडेनात. कोणते पक्षी ते तपासलं, तर नेमके बर्सा काढलेले. यावर लिहिलेला निबंध ‘सायन्स’ने परत पाठवला. १९५६ साली तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला. कोंबड्यांच्या धंद्याचं ते नियतकालिक. माणसांचे डॉक्टर ते वाचत नसत, त्यामुळे या शोधाची दखल घ्यायला त्यांना आणखी काही वर्षं लागली. पोल्ट्रीच्या शेडमध्ये आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

ग्लिकने पिशवी काढली ती पिल्लू कोवळं असताना. पक्षी अंड्यावर येईपर्यंत बर्सा आक्रसून जाते. तोवर तिच्यातून निघालेल्या पेशी प्लीहेत, आतड्यांत आणि इतरत्र जाऊन बसलेल्या असतात. वाढलेल्या कोंबडीची पिशवी काढली असती तर काहीच कळलं नसतं.

दुपारी आम्ही पालात्सो देल्ला राजोनेकडे गेलो. ही मध्ययुगातली न्यायसभा. वर अवाढव्य सभागृह, खाली बाजार. एका अंगाला भाजीचा चौक, दुसऱ्या अंगाला फळांचा आणि मधल्या बोळातून खाटकांची, चीजवाल्यांची दुकानं. बायको फळांच्या बाजूला थांबली आणि मी आत शिरलो. एका काउंटरवर कोंबड्या डोक्या-पायांसकट मांडलेल्या, शेजारी गिनी फाउल आणि पुढे एका ट्रेमध्ये फिकट गुलाबी, गाठीगाठींचे मऊ तुकडे: अनिमेल्ले. वासराच्या गळ्याजवळून, छातीच्या वरच्या भागातून काढलेला हा थायमस. इटालियन लोक तो लोण्यात परतून खातात. मोठ्या गाईचा मिळेल का, असं मी खुणांनी विचारलं. खाटकाने मान हलवली आणि हाताने वासराची उंची दाखवली.

खाटकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. वैद्यकाला मात्र यातून नको तो धडा मिळाला. विच्छेदनाच्या टेबलावर येणाऱ्या प्रौढांचा थायमस चरबी भरून बारीक झालेला असे. दीर्घ आजाराने गेलेल्या मुलांतही तो सुकलेला असे, कारण आजाराच्या ताणानेच तो सुकतो. मग एखादं धडधाकट मूल अचानक गेलं आणि त्याचा नेहमीच्या आकाराचा थायमस दिसला की डॉक्टरांना तो ‘वाढलेला’ वाटे. वाढलेल्या थायमसने श्वास कोंडतो, असं निदान रूढ झालं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः अमेरिकेत, हजारो तान्ह्या मुलांच्या गळ्याला क्ष-किरण दिले गेले, केवळ ही ग्रंथी लहान व्हावी म्हणून. यातल्या काही मुलांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. या दोन गोष्टींचा संबंध १९५० साली प्रथम मांडला गेला. निरोगी मुलांवर केलेला तो उपचार होता. हे वाचलं तेव्हा मी किती तरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. आजही त्याविषयी लिहिताना हात जड होतो.

थायमसचं काम दाखवलं जॅक मिलर यांनी, १९६१ साली, लंडनच्या चेस्टर बिटी संस्थेत. ते उंदरांतल्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते. त्यासाठी त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा थायमस काढला. पिल्लं आधी बरी वाढली, मग खंगू लागली आणि जंतुसंसर्गाने मरू लागली. त्यांच्या अंगावर परक्या उंदराची कातडी लावली, तर शरीराने ती झिडकारली नाही. प्रौढ उंदराचा थायमस काढल्यावर असं काही दिसत नव्हतं, म्हणून तोवर सगळे त्याला निरुपयोगी समजत होते. मिलर यांच्या निष्कर्षावर विश्वास बसायला वेळ लागला. नोबेल मिळालेले पीटर मेडावार यांनीही १९६३ साली थायमसमधल्या लसीका पेशींना विशेष महत्त्व द्यायला नकार दिला होता.

संध्याकाळी चौकातल्या बाकावर बसलो, तेव्हा बायकोने विचारलं, “अहो, पण त्या गाठीत नेमकं होतं काय?” ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिला वरवरचं उत्तर चालत नाही.

मी सांगायला लागलो. अस्थिमज्जेतून निघालेल्या अर्धवट घडलेल्या पेशी रक्तातून थायमसमध्ये येतात. तिथे प्रत्येक पेशी आपल्या जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडते आणि त्यातून आपल्या अंगावरचा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, बनवते. जोडणी योगायोगाने होते, त्यामुळे दोन पेशींचे ग्राही सहसा सारखे नसतात. पुढे कधी कोणता विषाणू येईल हे शरीराला माहीत नसतं, म्हणून ते आधीच लक्षावधी तऱ्हेचे ग्राही घडवून ठेवतं. पण योगायोगाने घडलेल्या ग्राहींत निकामी पुष्कळ आणि घातकही काही. म्हणून थायमसच्या बाहेरच्या थरात आधी बघितलं जातं, ही पेशी स्वतःच्या शरीरातली ओळखीची प्रथिनं वाचू शकते की नाही. ज्यांना वाचताच येत नाही त्या मरतात, आणि अशाच सर्वांत जास्त. उरलेल्या आतल्या थराकडे सरकतात आणि तिथे उलटा प्रश्न असतो: ही आपल्याच शरीरावर तुटून पडेल का?

“पण थायमस छातीत,” ती म्हणाली. “तिथे बसून स्वादुपिंड कसं दिसणार त्या पेशीला?”

तिने नेमकं वर्मावर बोट ठेवलं. थायमसच्या आतल्या थरात काही पेशी अशा असतात, की ज्या शरीरातल्या दूरदूरच्या अवयवांची प्रथिनं थोडी थोडी स्वतःच बनवून दाखवतात, स्वादुपिंडातलं इन्सुलिनसुद्धा. यामागे ‘एअर’ नावाचं जनुक आहे. इन्सुलिन बघून चवताळणारी टी पेशी, म्हणजे थायमसमध्ये घडलेली पेशी, तिथेच संपवली जाते, किंवा तिला इतर पेशींना आवर घालण्याच्या कामाला लावलं जातं. हे जनुक बिघडलेल्या मुलांत शरीर आपल्याच ग्रंथींवर हल्ला करतं. फिनलंड आणि इटलीतलं सार्डिनिया बेट इथे हा आजार इतरत्रपेक्षा जास्त दिसतो. आत आलेल्या शंभरांतल्या दोन-चार पेशीच धडपणे बाहेर पडतात. बाकीच्या तिथेच मरतात आणि शेजारच्या भक्षक पेशी त्यांचा फडशा पाडतात. एवढा नाश शरीर का सोसतं, हे मला तरुणपणी कळत नव्हतं. आता ते नासाडीसारखं वाटत नाही. चुकीची एक पेशी बाहेर सुटली तर काय होतं, हे मधुमेहाचं इंजेक्शन घेणाऱ्या लहान मुलाकडे पाहिलं की कळतं.

रात्री जेवताना तिचा पुढचा प्रश्न आला. “टी पेशी थायमसमधल्या, बी पेशी त्या पिशवीतल्या. पण माणसाला तर ती पिशवी नाही.”

हाच प्रश्न संशोधकांनाही बरीच वर्षं छळत होता. मिनेसोटात मॅक्स कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली कोंबडीत दोन वेगवेगळ्या यंत्रणा आहेत हे स्पष्ट केलं. नुकत्याच उबवलेल्या पिल्लांची बर्सा किंवा थायमस काढायचा आणि आधीच बाहेर पडलेल्या पेशी मारायला क्ष-किरण द्यायचे. बर्सा नसलेल्या पिल्लांत अँटिबॉडी बनत नव्हती, पण परकी कातडी झिडकारली जात होती. थायमस नसलेल्यांत झिडकारण्याची ताकद गेलेली. माणसांतही याला जुळणारी मुलं होती. ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ साली एका मुलाचं वर्णन केलं होतं. त्याच्या रक्तात अँटिबॉडी असलेला भागच नव्हता. अशा मुलांचा थायमस चांगला असतो. उलट अँजेलो डी जॉर्ज यांनी थायमसविना जन्मलेली मुलं दाखवली. म्हणजे माणसातही बर्साच्या जागी काही तरी असणार. ते कुठे, याचा शोध टॉन्सिल्स, अपेंडिक्स, आतड्यांतल्या गाठी असा फिरत राहिला. १९७४ च्या सुमारास उत्तर मिळालं. सस्तन प्राण्यांत हे काम गर्भात यकृत करतं आणि पुढे जन्मभर अस्थिमज्जा.

“मग आता हाडाकडे जायचं,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मिलानची गाडी पकडली. पाविया तिथून अर्ध्या तासावर.

मिलानमध्ये जेवायला थांबलो. तिथे ओस्सोबुको मिळतं: वासराच्या नळीचे आडवे काप, मध्ये हाडाचं भोक आणि त्यात मज्जा. मटणाच्या रश्श्यातली नळी चोखणाऱ्या मराठी माणसाला हे नवीन नाही. पायाच्या हाडातला हा मगज बहुतांशी चरबी. रक्त घडवणारी लाल मज्जा लहानपणी जवळजवळ सगळ्या हाडांत असते आणि वयाबरोबर मागे सरत सरत छातीचं हाड, बरगड्या, मणके, कंबर आणि मांड्या-दंडांच्या हाडांची वरची टोकं एवढ्यात उरते. म्हणूनच मोठ्या माणसाची मज्जा काढायला डॉक्टर कमरेच्या हाडात सुई घालतात.

पावियाचं विद्यापीठ १३६१ सालचं. एकामागून एक चौक, भिंतींवर जुन्या अध्यापकांच्या स्मरणार्थ शिळा, एका चौकात वोल्टाचा पुतळा. संग्रहालयात कामिलो गोल्जीची उपकरणं आहेत. १९०६ चं नोबेल मिळवलेला हा गोल्जी सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघायला शिकला तो ज्युलिओ बिझोझेरोच्या प्रयोगशाळेत, आणि बिझोझेरो त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान! १८६८ साली, जेमतेम बावीस वर्षांच्या बिझोझेरोने इथे दाखवलं, की रक्तपेशी हाडांच्या मज्जेत घडतात. त्याच वर्षी क्योनिग्जबर्गमध्ये एर्न्स्ट नॉयमनही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला होता. त्यापूर्वी मज्जा म्हणजे हाडाचं भरण किंवा खाद्य एवढंच समजत. पावियाच्या या शोधालाही लोकांनी लगेच मानलं नाही. बराच काळ त्यावर शंका घेतल्या गेल्या.

त्या चौकात आम्ही उन्हाला बसलो आणि माझं उरलेलं सांगून झालं. मज्जेतल्या आधारपेशींना चिकटून बी पेशी वाढते. तीही जनुकांचे तुकडे जोडून स्वतःचा ग्राही बनवते. जनुकांची ही जोडाजोड सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली दाखवली आणि १९८७ चं नोबेल त्यांना मिळालं. घडलेला ग्राही आपल्याच शरीराला चिकटत असेल, तर बी पेशीला पुन्हा जोडणी करायची संधी मिळते. तरी जमलं नाही तर ती मरते. पार पडलेली पेशी प्लीहेत जाऊन पक्व होते. माणसात हे जन्मभर चालू राहतं. कोंबडीचं तसं नाही. तिच्याकडे कामाचा ग्राही-तुकडा एकच. शेजारच्या निकामी जनुकांतले अंश त्यात उतरवून ती वैविध्य आणते आणि तेही फक्त बर्सात, फक्त कोवळ्या वयात.

गंबोरोचा विषाणू नेमका इथेच मारतो. बर्सात वेगाने वाढणाऱ्या बी पेशी तो खातो. तीन ते सहा आठवड्यांच्या पक्ष्यांत मरतूक उघड दिसते. त्याआधीच लागण झाली, तर पिल्लू मरत नाही, आजारीही दिसत नाही. पण त्याची पिशवी सुकते आणि दुसरीकडे कुठे ते काम होत नाही. मग शेडचा मालक हताश होऊन विचारतो, “डॉक्टर, लासोटा वेळेवर दिली होती, मग राणीखेत आला कसा?” राणीखेतची ती लस चांगली होती. तिला उत्तर देणाऱ्या पेशीच उरल्या नव्हत्या. १९९० च्या दशकात गंबोरोचा जहाल प्रकार आपल्याकडे आला, तेव्हा मी कर्जाने शेड उभारलेल्या माणसांना रडताना पाहिलं आहे. आईकडून आलेली अँटिबॉडी ओसरावी, पण विषाणू पोहोचलेला नसावा, असा नेमका दिवस गाठून गंबोरोची लस द्यावी लागते. या धंद्यातलं माझं सगळं शिक्षण त्या दिवसाचा हिशेब करण्यात गेलं.

बायको बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या बहिणीच्या मुलाला रक्ताचा कर्करोग होता. त्याच्या मज्जेचं प्रत्यारोपण झालं ते मुंबईत, त्याच्या सख्ख्या बहिणीची मज्जा घेऊन. मुंबईत १९८३ साली टाटा रुग्णालयात असं प्रत्यारोपण पहिल्यांदा झालं, तेव्हापासून कितीतरी घरांतली मुलं या वाटेने गेली आहेत. “त्याच्या सगळ्या लसी पुन्हा दिल्या होत्या,” ती म्हणाली. “ताईला वाटायचं, डॉक्टर उगाच वाढवून सांगतायत. लहानपणी दिल्या होत्या की.”

“त्या जुन्या पेशींना दिल्या होत्या,” मी म्हटलं. “नवीन मज्जेतून आलेल्या पेशींनी त्या पाहिलेल्याच नाहीत.”

नव्या बी पेशी काही महिन्यांत यायला लागतात. टी पेशींचं तसं नाही. त्यांना थायमसमधूनच जावं लागतं, आणि तो किती शिल्लक आहे यावर सगळं अवलंबून. मुलांत तो भरात असतो, म्हणून मुलं लवकर सावरतात. प्रौढांना वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. मोठेपणी तो अगदीच बिनकामाचा होतो असंही आता कोणी म्हणत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाट मोकळी करायला सर्जन तो काढून टाकत आले. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२३ साली आलेल्या अभ्यासात थायमस काढलेल्या प्रौढांची तुलना तशाच शस्त्रक्रिया झालेल्या, पण थायमस राखलेल्या रुग्णांशी केली. काढलेल्यांत पुढच्या पाच वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण दुपटीहून जास्त आणि कर्करोगाचं सुमारे दुप्पट निघालं.

तिला भाच्याच्या गोवराच्या लसीची तारीख आठवत होती. जिवंत विषाणूची लस, म्हणून प्रत्यारोपणानंतर दोन वर्षं थांबायला लावलं होतं, तोवर शाळेत गोवराची साथ आली की ताई त्याला घरी ठेवायची. आता तो कॉलेजात आहे. गाडीत बसल्यावर तिने त्याला फोन लावला आणि विचारलं, “काय रे, तुझी ती लसींची वही अजून आहे का? सांभाळून ठेव.” मग माझ्याकडे फोन दिला, त्याला बिझोझेरोचं सगळं सांगा म्हणून.